छत्राचा चौक आणि चार कर्णे

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. नाव मराठी कानाला परके वाटले तरी गावाचे मराठी माणसाशी नाते जुने आहे. १७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबेच्या स्मरणार्थ येथे छत्र उभारले. रामेश्वराच्या वाटेने जाणारे यात्रेकरू तेथे उतरत, जेवत आणि पुढे जात. त्याच तंजावरच्या आश्रयाने महाराष्ट्राचे कीर्तन दक्षिणेत रुजले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी त्याला तमिळ हरिकथेचे घाटदार रूप दिले आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग तिकडे मुक्कामाला गेले ते कायमचेच. त्या काळचा कथेकरी शेवटच्या रांगेपर्यंत आपला गळाच पोहोचवीत असे. त्याच्यासमोर माइक आला तो फार पुढे.

समजा, अशाच एखाद्या छत्राच्या चौकात मांडव घालून हरिकथा ठेवली आहे. चारी बाजूंना चार कर्णे बांधले आहेत. पुढच्या रांगेला सारे लख्ख ऐकू येते. मधल्या मंडळींना आवाज येतो, पण शब्द येत नाहीत. ओसरीवर खांबाआड बसलेल्या वृद्धांना प्रत्येक ओळ दोनदा ऐकू येते. आणि अर्ध्या तासाने आवाज एकाएकी बसतो, पुन्हा उठतो. तेवढ्यात व्यवस्थापक धावत येतो आणि म्हणतो, ‘आवाज वाढवा.’ या धंद्यात याहून महाग पडणारे दोन शब्द क्वचितच असतील. कर्णा जोराने ओरडू लागतो, माइक शिट्टी घालू लागतो, आणि ओसरीवरच्या आजीबाईंना आता तीच न समजलेली ओळ मोठ्याने ऐकू येते. कथेत सूर पोहोचला आणि शब्द अडला, तर श्रोता आख्यानाच्या दाराबाहेरच राहिला म्हणायचे.

जाणता कारागीर अशा वेळी यंत्राला हात लावण्याआधी चौकातून एक फेरी मारतो. त्याला एवढेच ठरवायचे असते, की हा दोष जागेचा आहे की वेळेचा. एकाच जागी बसलेल्याला सतत वाईट ऐकू येत असेल, तर दोष बहुधा कर्ण्यांच्या मांडणीत किंवा वास्तूत असतो. सर्वांना एकदमच कमीजास्त ऐकू येत असेल, तर तो माइक, तार, जोड किंवा वीज यांपैकी कोठेतरी असतो. या एका प्रश्नाचे उत्तर न घेता ज्यांनी नवा ॲम्प्लिफायर विकत आणला, त्यांच्या पैशांची मोजदाद न केलेलीच बरी.

प्रथम जागेचा दोष पाहू. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. याचा अर्थ १७ मीटर चालायला त्याला सेकंदाचा विसावा भाग लागतो. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे हेल्मुट हास यांनी १९४९ साली आपल्या प्रबंधात दाखविले, की तोच उच्चार फार थोड्या अंतराने पुन्हा कानी आला तर कान दोन्ही एकत्र करून घेतो आणि पहिला जेथून आला तेथूनच बोलणे येत आहे असे मानतो. पण हे अंतर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या घरात गेले, की बोलण्यात दुसरा उच्चार वेगळा पडून शब्दाला शब्द अडखळू लागतो. चौकाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतील कर्णे एकाच श्रोत्यावर रोखले, की नेमके हेच घडते. दोन कर्ण्यांचे आवाज काही ठिकाणी एकमेकांना बळ देतात, तर काही ठिकाणी एकमेकांना खाऊनही टाकतात. सेकंदाला हजार कंपनांच्या स्वराची लहर अवघी ३४ सेंटिमीटर लांब असते. म्हणून वीतभर डोके हलविले तरी तो स्वर उमलतो किंवा मावळतो.

त्यात भिंती दगडाच्या. हार्वर्डमध्ये वॉलेस सेबाइन यांनी १८९५ पासून रात्री-रात्री बसून फॉग व्याख्यानगृहाचा घुमारा मोजला, तेव्हा रिकाम्या दालनात एक उच्चार विरायला साडेपाच सेकंद लागत असल्याचे आढळले. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून मांडल्या, तसा तो घुमारा घटत गेला. माणसेही गाद्यांसारखीच ध्वनी शोषतात. दुपारी रिकाम्या मांडवात जमविलेला आवाज रात्री भरल्या मांडवात वेगळा भासतो, त्याचे मर्म हे.

आणखी एक दोष असा आहे, की तो दिसत नाही व म्हणून सापडतही नाही. एका कर्ण्याच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या, तर एक कर्णा हवा ढकलतो त्याच क्षणी दुसरा ती ओढतो. दोघांच्या बरोबर मध्ये बसलेल्याला आवाज पोकळ, बिनबुडाचा लागतो. परीक्षा सोपी आहे: दोन कर्णे तोंडाला तोंड लावून ठेवावेत, एकाच्या तारांची अदलाबदल करावी, आणि ज्या जोडणीत आवाज भरदार येईल ती खरी मानावी.

वेळेच्या दोषांत पहिला आरोपी कथेकरीच असतो, निरपराध असूनही. तो रंगात येऊन पुढे-मागे नाचतो. माइकपासूनचे तोंडाचे अंतर १५ वरून ३० सेंटिमीटर झाले, की माइकवर येणारा ध्वनीचा दाब निम्मा होतो. आणि चिपळ्या मात्र हातातच असल्याने माइकजवळ कडाडतात. जरुरीपेक्षा अधिक माइक उघडे ठेवले तर शिट्टीची मर्यादा आणखी जवळ येते. यानंतर तारांचे जोड पाहावेत. नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली तार दमट हवेत गंजते, आणि कोणी तिच्यावरून चालले की आवाज जातो. बारीक व लांब तारेतही शक्ती गळते: आठ ओहमच्या कर्ण्याला दोन ओहम अडथळ्याची तार लावली, तर मिळणाऱ्या शक्तीचा सुमारे ६४ टक्केच भाग कर्ण्यापर्यंत पोहोचतो. म्हणून लांबवर १०० व्होल्टची वाहिनी नेतात. मात्र त्यातही, दहा कर्ण्यांना प्रत्येकी १५ वॉट मागवून १०० वॉटच्या यंत्रावर जोडले, तर ते यंत्र फाटक्या आवाजाने तक्रार करणारच. मांडवातले दिवे लागताना आवाज दबत असेल, तर दिवे आणि यंत्र एकाच तारेवर आहेत काय, हे आधी पाहावे.

गावाबाहेर कर्णा लावणाऱ्यांना निसर्गही चकवतो. दिवसा जमिनीजवळची हवा तापलेली असल्याने ध्वनी वर वळतो आणि शेतापलीकडे ऐकू येत नाही. रात्री जमीन निवते, ध्वनी खाली वळतो, आणि तोच कर्णा भातखाचरांवरून दूरच्या वस्तीची झोप मोडतो. २००० सालच्या नियमांनी, काही सवलती सोडल्या तर, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरच्या ध्वनिवर्धकाला मनाई केली, त्यामागे ही झोपही आहे.

लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये १९५०च्या दशकाच्या प्रारंभी खांबांलगत उंच, चिंचोळे कर्णे बसविले गेले आणि मागच्या कर्ण्यांचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडला गेला, म्हणजे व्यासपीठाकडून येणारा ध्वनी आणि जवळचा कर्णा यांची गाठ कानाशी पडावी. असा विलंब देणारी छोटी यंत्रे आता सहज मिळतात. ती हाताशी नसली तरी चौकातले चार कर्णे दोन करता येतात, ते व्यासपीठाच्या दोन बाजूंना डोक्यापेक्षा थोडे उंच लावून मागच्या रांगेकडे किंचित झुकविता येतात, आणि ओसरीपुरता एक लहान कर्णा अगदी हळू आवाजात, कथेकऱ्याकडे पाठ करून व श्रोत्यांकडे तोंड करून टांगता येतो. मग माइकपाशी एकाने सावकाश काहीतरी वाचीत राहावे, दुसऱ्याने ओसरीवरच्या खांबाआड जाऊन बसावे, आणि शब्द अडला तेथे खडूने फुली करावी. फुल्या कमी होईपर्यंत कर्णा थोडा-थोडा वळवीत राहावे. ॲम्प्लिफायरचे बटण मात्र तोवर आहे तेथेच असू द्यावे.