मुलांच्या वह्या आणि आपल्या आठवणी
(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढची शाळा लांब होती, म्हणून ते तेथेच थांबले. त्यामुळे विद्वत्तेचे भाषण मजकडून कोणी अपेक्षू नये. परंतु गेले काही महिने आमच्या घरात इतिहास, साहित्य आणि सामाजिक न्याय असे तीन मोठे विषय मुक्कामाला आले होते. माझी मुलगी बी. ए. करते आहे, आणि तिला ह्या तिन्हींवर प्रकल्प लिहून द्यायचे होते. त्याविषयी चार शब्द आपणांपुढे ठेवते.

प्रकल्प म्हटले की काय होते ते आपण सर्वजणी जाणतो. झेरॉक्सच्या दुकानात तो तयार मिळतो. नाहीतर मोबाईलवरून उतरवला जातो, आणि मग रात्री जागून आईने चित्रे चिकटवायची! पण ह्या वेळी प्राध्यापिकाबाईंनी एक अट घातली होती. विषय आपल्या परिसरातला हवा, आणि प्रत्येक प्रकल्पात निदान एका माणसाच्या तोंडून ऐकलेली हकीकत हवी. ह्या एका अटीने आमचा ओटा गजबजून गेला.

इतिहासासाठी तिने चिरनेर घेतले. माझे माहेर उरण तालुक्यातले. त्यामुळे चिरनेरचे नाव आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. 25 सप्टेंबर 1930 रोजी तेथे अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. मुलीने ती आठ नावे गावांसह लिहून काढली. चिरनेर, कोप्रोली, मोठी जुई, धाकटी जुई, पाणदिवे, खोपटे, दिघोडे अशी ती गावे. आडनावे वाचली तर त्यांत कातकरी आहे, न्हावी आहे, कोळी आहे, पाटील आणि म्हात्रे आहेत. गोळी झाडणाऱ्याने जात विचारली नव्हती, आणि डोंगर चढणाऱ्यांनीही ती विचारली नव्हती.

पण लोक एवढे पेटले कशाने, हे तिला पुस्तकातून नीट कळेना. ते माझ्या आईने सांगितले. आई म्हणाली, "अगं, जंगल बंद म्हणजे नुसती मोळी बंद नव्हे. भाताचा राब कशाने भाजायचा? टहाळ कोठून आणायचा? राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी नाही." हे आईने तिच्या आजीकडून ऐकलेले. चूल आणि शेत दोन्ही जंगलावर कशी अवलंबून होती, ते मुलीला तेव्हा उमगले. तिने आईचे बोलणे जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले, आणि बाईंनी त्याच पानावर शाबासकी लिहिली.

साहित्यासाठी ती आमच्या गावठाणातील एका वृद्ध धवलारणीकडे गेली. घाटावरून किंवा खानदेशातून आलेल्या भगिनींसाठी सांगते, की आम्हां आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गात विधी चालवते. हा मान बाईचा. ती शाळेत गेलेली नसते, परंतु शेकडो ओळी तिला मुखोद्गत असतात. प्राध्यापिकाबाईंनी मुलीला सांगितले, की मराठीतील आद्य कवयित्री म्हणून जिचे नाव घेतात त्या महदंबेच्या रचनेचे नावही 'धवळे' असेच आहे. तेराव्या शतकात विदर्भातील ऋद्धिपूर येथे तिने रुक्मिणी-श्रीकृष्णाच्या विवाहाची ती गीते रचली. म्हणजे कॉलेजात जो शब्द शिकवतात, तोच शब्द आमच्या मांडवात आजही चालतो! मी तर ऐकून थक्क झाले.

म्हातारीने मात्र एक अट घातली. काही धवले लग्नावाचून गायचे नसतात, ते ती गाणार नाही. मुलीने ते मान्य केले आणि प्रकल्पात तसे स्पष्ट लिहिले. मग म्हातारीनेच विचारले, "माझ्या मागे कोन गानार?" ह्याला आमच्यापैकी कोणापाशी उत्तर नव्हते. हळदीला आता डीजे लागतो, त्यापुढे तिचा आवाज कोणाला ऐकू जाणार?

आता तिसरा विषय, सामाजिक न्याय. हा विषय घरात शिरला आणि घरातले वातावरणच बदलले.

आपले हे नवे शहर कसे उभे राहिले ते आपण जाणतो. सिडको 1970 साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण ह्या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी शहरासाठी घेण्याचे ठरले. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई-नवघर भागात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले. पुढे 1990 साली साडेबारा टक्क्यांची योजना आली. शंभर गुंठे जमीन गेली असेल तर साडेबारा गुंठ्यांच्या विकसित भूखंडाचा हिशेब, आणि त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी काही भाग वजा.

माझ्या सासूबाई त्या मोर्चात होत्या. कडेवर मूल घेऊन गेल्या होत्या. मुलीने त्यांना विचारले, "आजी, एवढ्या बायका होत्या, मग कागदांवर एकीचेही नाव कसे नाही?" सासूबाई म्हणाल्या, "आमचा नाव कोन लिवनार, बाय? मार खायाला आमी होतो."

मुलीने मग घरातली फाईल काढली. जुने सातबारे, नोटिसा, मोबदल्याच्या पावत्या, सगळीकडे पुरुषांचीच नावे. आणि त्याच फाईलमध्ये माझ्या नणंदेकडून सही घेण्यासाठी तयार केलेले हक्कसोडपत्र होते. मुलगी ते दोनदा वाचून वडिलांना म्हणाली, "बाबा, मी लग्न होऊन गेले की माझ्याकडूनही असाच कागद लिहून घेणार का?"

मैत्रिणींनो, त्या रात्री आमच्या घरी कोणी नीट जेवले नाही. पण आठवड्याभराने ह्यांनी आपल्या बहिणीला बोलावून घेतले आणि सांगितले, "घाई नाही. वकिलाला विचार, वाचून घे, मग ठरव." तो कागद अजून सहीवाचून कपाटात आहे. पुढे काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. पण कागद वाचला गेला, ही गोष्ट लहान नाही.

कायदा काय सांगतो तेही मुलीने लिहिले आहे. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील त्या दुरुस्तीपूर्वी वारले असले तरी मुलीचा हा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितले. पूर्वीच रीतसर झालेल्या वाटण्यांची गोष्ट वेगळी, म्हणून जाणकाराला विचारावे हे उत्तम. 'हक्क मागितला तर माहेर तुटेल' ही भीती प्रत्येकीच्या पोटात आहे, माझ्याही आहे. माझ्याही माहेरी उद्या असा कागद निघेल. सही करायची की नाही ते तेव्हा ठरवीन, परंतु वाचल्याशिवाय करणार नाही, एवढे नक्की.

कोणी म्हणेल, एका मुलीच्या वहीने काय होणार? त्यावर मुलीनेच मला मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. पुण्यात फुले पतिपत्नींच्या शाळेत शिकणारी मांग समाजातील ही मुलगी. वय अवघे चौदा. तिने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि 1855 साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो शाळकरी मुलीचाच निबंध, पण आज कॉलेजात अभ्यासाला लावतात. त्या काळच्या किती मोठ्या माणसांचे कागद वाळवीने खाल्ले असतील!

म्हणून माझी आपल्या मंडळाला एक विनंती आहे. महिन्यातून एक दुपार आपण आठवणींसाठी ठेवावी. मुलामुलींनी वह्या घेऊन यावे, वडीलधाऱ्या बायकांनी सांगावे. सांगणारीचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. जे लिहू नको म्हणून ती सांगेल ते लिहू नये. हे आम्हां गावठाणवाल्यांपुरतेच नव्हे. कोपरखैरणे-तुर्भ्याकडे साताऱ्याहून आलेली माथाडी कुटुंबे आहेत. ज्या कष्टकऱ्यांसाठी 1969 साली माथाडी कायदा झाला, त्यांच्या घरातल्या बायकांनी ते दिवस कसे काढले, हे कोणी विचारले आहे काय? खोलीभाडे, पाणी, रेशन ह्यांचा हिशेब त्यांनीच सांभाळला ना?

आणि मातांना एक सांगणे. मुलाचा प्रकल्प आपण लिहून देऊ नये, विकतही आणू नये. त्याने प्रश्न विचारला तर हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून उत्तर द्यावे. ठाऊक नसेल तर ज्या शेजारणीला ठाऊक असेल तिच्याकडे त्याला धाडावे.

आमच्या गावठाणातल्या त्या धवलारणीला आता नीट दिसत नाही, पण गळा अजून चांगला आहे. पहिल्या दुपारी तिला बोलवावे अशी सूचना मांडते आणि माझे भाषण संपवते.