खिशात २७ सेंट

गाठीला बेताचे पैसे आणि सोबतीला जोडीदार. एवढ्या शिदोरीवर आशिया खंड ओलांडता येईल? टोनी आणि मॉरीन व्हीलर या तरुण जोडप्याने १९७२ साली ते करून दाखवलं.

लंडनहून ते एका जुन्या मोटारीतून निघाले. तुर्कस्तान, इराण मागे टाकत अफगाणिस्तानात पोहोचले आणि काबूलमध्ये गाडीच विकून टाकली. पुढे मग मिळेल ते वाहन! पाकिस्तान, भारत, नेपाळ, थायलंड असं करत त्यांनी बाली गाठलं. तिथून शिडाच्या होडीने ते ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागले. सिडनीला पोहोचले, तेव्हा दोघांत मिळून उरले होते अवघे २७ सेंट.

सिडनीत जो तो विचारी, कसे आलात? खर्च किती आला? सगळ्यांना तेच तेच किती सांगणार? म्हणून दोघांनी घरच्या घरी एक छोटी पुस्तिका तयार केली. १९७३ मध्ये आलेल्या या पुस्तिकेचं नाव ‘अ‍ॅक्रॉस एशिया ऑन द चीप’, म्हणजे स्वस्तात आशिया. प्रवाशांना परिचित असलेली ‘लोनली प्लॅनेट’ ही प्रकाशनसंस्था तिच्यातूनच उभी राहिली.

१९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि हा खुष्कीचा मार्ग प्रवाशांना जवळजवळ बंदच झाला. वाट बुजली, श्रोतेहो, पण वाटाड्या मात्र मागे उरला.