कोणी न पाहतां चंद्र असतो काय?

श्रोतेहो, फार वर्षांमागें वर्गांत एका मुलानें मला विचारलें होतें, "गुरुजी, आपण पाहत नसतांना चंद्र तेथें असतो हें कशावरून?" मीं त्याला खालीं बसावयास सांगितलें आणि चंद्राच्या कला शिकवूं लागलों. पुढें वाचनांत आलें कीं, हाच प्रश्न आइन्स्टाइननें प्रिन्स्टन येथें फिरतां फिरतां अब्राहम पैस या आपल्या तरुण सहकाऱ्यास केला होता. तेव्हांपासून त्या मुलाचें देणें माझ्या डोक्यावर आहे.

आइन्स्टाइनचा रोख चंद्रावर नव्हता, पुंजयामिकीवर होता. मापनापूर्वीं इलेक्ट्रॉन अमुक ठिकाणीं होता असें बोलण्यास अर्थच नाहीं, असें नील्स बोरच्या पंथाचे लोक म्हणत. आइन्स्टाइनला हें पटेना. एकत्र जन्मलेले दोन कण दूर गेले तरी एकाच्या मापनावरून दुसऱ्याचा गुण कळतो; तेव्हां तो गुण आधींपासूनच तेथें असला पाहिजे, असें त्यानें १९३५ सालीं दोन सहकाऱ्यांसह मांडलें. वहाणांचा जोड दोन पेट्यांत घालून एक पुण्यास व एक नागपुरास धाडावी. पुण्यास डावी निघाली तर नागपुरास उजवी. यांत गूढ तें काय?

हा वाद बरींच वर्षें तत्त्वज्ञानांतच घोळत राहिला. १९६४ सालीं बेलफास्टच्या जॉन बेलनें त्याला गणितांत ओढलें. त्याचें मर्म सोपें करून सांगतों. जोडींतील प्रत्येक प्रकाशकणाला तीनपैकीं कोणताहि एक प्रश्न विचारतां येतो. उत्तर होय किंवा नाहीं. दोघांना एकच प्रश्न केला तर उत्तर नेहमीं एकच येतें. मग दोघेहि तीनही उत्तरें घरून पाठ करूनच निघाले असावेत. आतां उत्तरें तीन आणि प्रकार दोनच. म्हणजे त्यांत निदान दोन सारखीं असणारच. म्हणून दोघांना वेगवेगळे प्रश्न केले तरी निदान एकतृतीयांश वेळां उत्तरें जुळलीं पाहिजेत. पोलरॉइड काचेच्या साठ-साठ अंशांनीं फिरविलेल्या तीन दिशा हेच तीन प्रश्न समजा. पुंजयामिकी सांगते, जुळणी एकचतुर्थांशच होईल!

अशा मर्यादांची परीक्षा १९७२ सालीं कॅलिफोर्नियांत फ्रीडमन व क्लॉझर यांनीं घेतली. १९८२ सालीं फ्रान्समध्यें अलँ आस्पेनें कण वाटेंत असतांनाच प्रश्न बदलले. २०१५ सालीं डेल्फ्ट येथें दोन ठाण्यांत १.३ किलोमीटर अंतर होतें. तिन्ही ठिकाणीं बेलची मर्यादा मोडली. २०२२ सालचें नोबेल पारितोषिक क्लॉझर, आस्पे व त्साइलिंगर यांना मिळालें.

तेव्हां, प्रश्नांची निवड मोकळी धरली तर, एक तर पाठ केलेलीं उत्तरें कणांजवळ नसतात, नाहीं तर येथल्या प्रश्नाची झळ दूरच्या कणाला लागते. डेव्हिड बोमनें १९५२ सालीं दुसरी वाट धरली. त्याच्या मतें कण न पाहतांहि आपल्या जागीं असतो. यावरून मायावादाला शास्त्राचा दाखला मिळाला असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनीं जरा दमानें घ्यावें. या प्रयोगांत उत्तर टिपतें तें यंत्र. तेथें कोणीं डोळे लावून बसण्याचें कारण नाहीं.

आणि चंद्र? त्याच्यावर सूर्याचा प्रकाश अखंड आदळतो व विखुरतो; तो कोठें आहे याची नोंद क्षणोक्षणीं चहूंकडे जात असते, आपण झोपलों असलों तरी. त्या मुलाला इतकें तरी सांगावयास हवें होतें. एकट्या इलेक्ट्रॉनाबद्दल त्यानें विचारलें असतें, तर मात्र आजहि मला छातीठोकपणें 'होय' म्हणतां आलें नसतें.