चपला सांभाळणारा

(कल्याणमधल्या तरुणांच्या एका बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला सांगितलं की मंदिरात पहिल्यांदा जाण्याबद्दल बोल. मी आलिम नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे शेवटी कुणी फतवा विचारू नका, मिळणार नाही. माझ्या बाबतीत काय घडलं ते सांगतो. आणि त्यातून एक प्रश्न उलटा माझ्याच अंगावर आला, तो मात्र तुमच्यापुढे ठेवणार आहे, कारण तो मला एकट्याला सुटलेला नाही.

मी इथलाच, दूधनाक्याच्या बाजूला वाढलेला. ईदची नमाज दुर्गाडीवर. तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. किल्ल्यावर एका अंगाला ईदगाह, दुसऱ्या अंगाला देवीचं देऊळ. बकरी ईदला नमाजच्या वेळी देवळात जाणं बंद ठेवायचे, आणि खाली लालचौकीला शिवसेनेचं घंटानाद आंदोलन. मध्ये पोलीस. मी अब्बांचं बोट धरून त्या बांबूंच्या मधून वर जायचो. आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यात काय बसणार? देऊळ म्हणजे बंदोबस्त. त्या जागेचा १९७६ सालचा दावा कल्याणच्या दिवाणी न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळला, हे तुम्हाला माहीत आहे. त्यावर मी आज बोलणार नाही. ते वकिलांचं काम, ते करतील. मी फक्त एवढंच सांगतोय की देऊळ नावाची गोष्ट मला पहिल्यांदा भेटली ती अशी.

मग इंजिनिअरिंग. आमचा सात जणांचा ग्रुप, मी एकटा मुसलमान. सहलीला निघालो की वाटेत एखादं देऊळ लागणारच, महाराष्ट्र आहे. सगळे उतरायचे आणि मी आपणहून म्हणायचो, "तुम्ही जाऊन या, मी चपला सांभाळतो." चार वर्षं मी चपला सांभाळल्या. बॅगा, मोबाइल, एकदा तर एकाचं हेल्मेट. मला बाहेर थांब असं कुणी म्हटलं नाही, हे खरं. आत चल असंही कुणी म्हटलं नाही, हेही खरं. एकदा एका देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या मावशींनी विचारलं, "बाळा, तू का नाही गेलास?" मी म्हटलं, "पाय दुखतोय." पायाला काही झालेलं नव्हतं. मावशींनी बसायला स्टूल दिलं आणि वर विचारलं, मुरगळलाय का. ते खोटं मला अजून आठवतं.

दिवाळीच्या पहाटे आम्ही डोंबिवलीला फडके रोडवर जायचो. ती गर्दी तुम्ही पाहिली असेल. नवे कुर्ते, ढोल-ताशे, सगळी डोंबिवलीची पोरं-पोरी रस्त्यावर. समोरच गणेश मंदिर. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ मध्ये याच मंदिराच्या पुढाकाराने सुरू झाली आणि मग गावोगाव गेली. म्हणजे डोंबिवलीचा सगळा सार्वजनिक कारभार ज्या दाराभोवती फिरतो, त्या दारासमोर मी वर्षानुवर्षं कुर्ता घालून उभा राहिलो. आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

नोकरी ठाण्याला लागली, घोडबंदर रोडला. टीममध्ये डोंबिवलीचा एक मित्र मिळाला. सकाळच्या गर्दीत मी कल्याणला चढायचो, तो डोंबिवलीला लोंबकळायचा. असं एकत्र लोंबकळलं की दोस्ती होतेच. तो दोन वर्षांसाठी परदेशी गेला. घरी त्याची आई एकटी. गुडघे गेलेले, वय सत्तरच्या पुढे. मी शनिवार-रविवारी डोकावायचो. त्यांना मी काकू म्हणतो.

एके दिवशी मित्राचा फोन आला. "आईला देवळात जायचंय. चार महिने गेली नाहीये. अंगारकीची रांग तिला झेपणार नाही, म्हणून साधा वार धरायचा. रिक्षा करून देऊ शकतो, पण आत कुणीतरी हात धरायला हवं." मग थोडा थांबला आणि म्हणाला, "तुला अवघड असेल तर सांग."

आता इथे चपला सांभाळतो म्हणायची सोय नव्हती. हात कोण धरणार?

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि खरं सांगतो, भीती ईमानाची कमी आणि माणसांची जास्त होती. कुणी नाव विचारलं तर? कुणी व्हिडिओ काढला तर? मे २०२३ मध्ये त्र्यंबकेश्वरला काय झालं ते सगळ्यांनी वाचलं होतं. उरुसाच्या मिरवणुकीतले लोक म्हणत होते, आम्ही पायरीशी धूप दाखवतो, ही जुनी रीत आहे. देवस्थान म्हणत होतं, अशी रीत नाही. प्रकरण थेट एसआयटीपर्यंत गेलं. धुपाची चौकशी जर एसआयटी करत असेल, तर माझ्यासारख्याने देवळात पाऊल टाकताना दहादा विचार करणं साहजिक आहे. आणि दुसरीकडे आपला मोहल्ला. तिथेही व्हिडिओ फिरतात.

सकाळी काकूंकडे गेलो. त्या तयार होऊन बसल्या होत्या. निघण्याआधी म्हणाल्या, "बस जरा. तुला काय चालतं आणि काय नाही, ते आधी सांग. म्हणजे तिथे माझा गोंधळ नको."

एवढ्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी विचारायची संधीही कुणाला दिली नव्हती. पाय दुखतोय म्हणून मोकळा होत होतो. मी सांगितलं, "काकू, मी मूर्तीपुढे हात जोडणार नाही, डोकं टेकवणार नाही. टिळा आणि तीर्थ नको. तुमचा हात धरून सगळीकडे येईन." त्या म्हणाल्या, "हात धरलास की झालं. बाकीचं मला येतं."

रस्त्यात त्यांनी पेढ्यांचे दोन पुडे घेतले. मला वाटलं, मित्राच्या मावशीला वगैरे असेल.

आत गेलो. मला वाटलं होतं की खूप काहीतरी होईल, छातीत धडधड वगैरे. झालं असं की पायाला फरशी गार लागली. मशिदीत लागते तशीच. वुजूची सवय असलेला माणूस अनवाणी चालायला कुठेच बुजत नाही. लोक आपापल्या घाईत होते, ऑफिसची बॅग पाठीला लावून दोन मिनिटं उभे राहायचे आणि स्टेशनकडे पळायचे. फज्र उरकून लोकल पकडणाऱ्यांसारखेच. आरती सुरू झाली तेव्हा मला अख्खी चाल पाठ आहे हे लक्षात आलं. दरवर्षी दहा दिवस खिडकीतून ऐकलेली. मी गप्प उभा राहिलो, काकूंचा एक हात माझ्या हातात. त्यामुळे त्यांनाही दोन्ही हात जोडता येईनात. त्यांनी एकच हात छातीशी धरला. आम्ही दोघं तिथे अर्धवटच दिसत असणार.

आरतीचं तबक आमच्याकडे आलं, तेव्हा काकूंनी ज्योतीवर हात फिरवला आणि तबक आणणाऱ्याला सहज म्हणाल्या, "हा माझ्या मुलाचा मित्र, मला घेऊन आलाय. त्यांच्यात नसतं हे." तो माणूस "बरं" म्हणून पुढे गेला. मी रात्रभर ज्या क्षणाला घाबरलो होतो तो क्षण म्हणजे हा. "बरं." म्हणजे सगळीकडे असंच होईल असं मी म्हणत नाही. ज्या देवस्थानाने बाहेर फक्त हिंदूंना प्रवेश असा फलक लावलाय, तिथे जायचं नाही, वाद घालायचा नाही. आपल्याला तिथे हक्क सांगायचा नाहीये. हक्काची लढाई ज्यांची होती त्यांनी ती लढली. बाबासाहेबांनी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू केला, साने गुरुजी १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसले. ती माणसं त्याच धर्मातल्या माणसांसाठी दार उघडायला सांगत होती. आपण पाहुणे. पाहुण्याने बोलावलं तर जावं.

बाहेर आल्यावर काकूंनी एक पुडा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "हा देवाला दाखवलेला नाहीये. वेगळा ठेवला होता पिशवीत. आईला दे."

घरी अम्मीला सगळं सांगितलं. ती आधी चिडली. मग पुडा हातात घेऊन म्हणाली, "दाखवलेला नाही? त्यांनीच स्वतःहून वेगळा ठेवला?" असं तीनदा विचारलं. मग एक पेढा खाल्ला. त्या वर्षी ईदला तिने काकूंसाठी शीरखुर्मा केला तो नव्या पातेल्यात, दुकानातून स्टिकरसकट आणलेल्या. "सांग त्यांना, यात कधी मटण शिजलेलं नाही." दोन बायका एकमेकींना न भेटता हे करत होत्या. मी मधला डिलिव्हरी बॉय.

उलेमांमध्ये दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळात जाण्याबद्दल एकमत नाही, हे मी लपवत नाही. काही मना करतात, काही इबादतीत सामील न होता जायला हरकत नाही म्हणतात. ज्याला जे पटतं त्याने ते करावं. पण हजरत उमर यांची जेरुसलेमची हकीकत मला फार जवळची वाटते. ते तिथल्या मोठ्या चर्चमध्ये गेले, नमाजची वेळ झाली, धर्मगुरू म्हणाले इथेच पढा. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं आणि बाहेर येऊन नमाज अदा केली. कारण काय दिलं? मी इथे पढलो तर उद्या मुसलमान या जागेवर हक्क सांगतील. म्हणजे आत जायला त्यांना संकोच नव्हता, आणि कुठे थांबायचं हेही ठाऊक होतं. दुर्गाडीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला ही गोष्ट जरा जास्तच कळते.

मध्येच एक सांगतो. काकूंनीच म्हटलं म्हणून मी अब्बांना घेऊन अंबरनाथचं शिवमंदिर पाहायला गेलो. अब्बा अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं नोकरीला होते. रोज कर्जत लोकल. तीस वर्षांत एकदाही देवळाकडे फिरकले नव्हते. शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं काळ्या दगडाचं देऊळ, वालधुनीच्या काठावर. गाभारा मंडपाच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. अब्बा फिटर होते. त्यांनी मूर्तींकडे फारसं पाहिलं नाही. भिंतीचे सांधे बघत राहिले, एका ठिकाणी नखाने फट तपासली आणि म्हणाले, "हजार साल. और हमारी बिल्डिंग देख." तुमच्यापैकी कुणाला पहिल्यांदा जायचं असेल तर तिथून सुरुवात करा. पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, पूजाही चालते, फक्त बघायला येणारेही असतात. कुणी वळून पाहत नाही.

आता तो प्रश्न.

शीरखुर्मा खाऊन काकूंनी वाटी धुतली, पुसली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तू माझं देऊळ पाहिलंस. मला तुमची मशीद दाखव की. एवढी वर्षं कल्याणला जाते, बाहेरूनच मिनार बघते."

मी म्हटलं, "हो, दाखवतो ना." आणि जिना उतरताना लक्षात आलं की मला हे जमणार नाही. आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत माझी अम्मी कधी गेलेली नाही. बहीण गेलेली नाही. मग काकूंना मी कुठल्या दारातून नेणार?

मनाई कुठे आहे? मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्र देऊन सांगितलं की बायकांना मशिदीत येऊन नमाज पढायची मुभा आहे. पुण्याच्या एका जोडप्याच्या याचिकेवर हे उत्तर होतं. २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने हाजी अलीच्या मजारपर्यंत बायकांना जाऊ द्या म्हणून निकाल दिला. आणि गैरमुस्लिमांचं म्हणाल, तर नजरानचे ख्रिस्ती पैगंबरांना भेटायला मदिनेला आले, तेव्हा त्यांनी मस्जिद-ए-नबवीत आपली प्रार्थना केली असं सीरतमध्ये येतं. आपल्या महाराष्ट्रातही गावोगावी 'मशीद परिचय'चे कार्यक्रम झालेत, लोक येतात, अजान म्हणजे काय विचारतात, चहा पिऊन जातात. म्हणजे अडचण दीनची नाहीये. आमच्या मशिदीला फक्त सवय नाहीये.

मी ट्रस्टींना भेटलो. चांगला माणूस, मला लहानपणापासून ओळखतात. आधी हसले. मग म्हणाले, "एक काकू आल्या तर काही नाही रे. पण मग उद्या आपल्या घरातल्या बायका म्हणतील आम्हाला पण यायचंय." मी म्हटलं, "चाचा, म्हणू देत ना." ते म्हणाले, "कमिटीत विचारून सांगतो." त्याला आता पाच महिने झाले. मी दर जुम्म्याला विचारतो. माझ्याबरोबर अजून दोघं विचारायला लागले आहेत. तुमच्यापैकी जे त्या मशिदीत येतात त्यांनीही विचारावं, म्हणून हे सांगतोय. तक्रार म्हणून नका विचारू. नुसतं विचारा, काकूंचं काय झालं म्हणून. आणि बाकीच्यांनी आपापल्या मशिदीत जाऊन अम्मीचं काय झालं ते विचारा.

मधल्या काळात अम्मीने हे सगळं ऐकलं. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी मला म्हणाली, "त्यांना आत नेलंस तर मला पण सांग. कुणीतरी त्यांचा दुसरा हात धरायला नको का?"

काकूंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. परवा फोनवर म्हणाल्या, "त्याच्या आधी जमव बाबा. नंतर मला खाली बसता येणार नाही."

मी म्हटलं, "काकू, आमच्याकडे शेवटच्या रांगेत खुर्च्या असतात."