फलाट आणि डबा यांच्यामध्ये

आज अभियंते झालेल्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

या उकाड्यात झगे घालून बसलेल्यांसमोर लांबलचक बोलणं हा अन्याय आहे, म्हणून एकाच विषयावर बोलतो. व्हीलचेअरवरच्या माणसाला मुंबईत लोकल पकडायची असेल, तर काय होतं?

घाटकोपरला जा. वर मेट्रो आहे, 2014 साली सुरू झालेली. तिथे लिफ्टने वर जाता येतं, रुंद फाटकातून आत शिरता येतं आणि डब्याची जमीन फलाटाच्या जवळजवळ बरोबरीने येते. चाकं सरळ आत जातात. तिथेच खाली लोकल आहे. तिथे फलाट आणि डबा यांच्यात आडवी फटही आहे आणि चढायला पायरीही. ‘गाडी आणि फलाट यांमधील अंतरावर लक्ष द्या’ असं कर्णा दिवसभर बजावत असतो. लक्ष द्यायचं काम प्रवाशाचं. अंतर कमी करायचं काम कोणाचं, ते मात्र कर्णा सांगत नाही. जानेवारी 2014 मध्ये याच घाटकोपरला एक कॉलेजकन्या लोकल पकडताना त्या फटीत पडली आणि दोन्ही हात गमावून बसली. ती चांगली धडधाकट मुलगी होती. त्यानंतर हायकोर्टाच्या रेट्याने फलाट उंच करण्याच्या कामाला वेग आला.

फलाट उंच केला की प्रश्न मिटला, असं वाटेल. पण फलाट जागेवर राहतो, रूळ राहत नाही. देखभाल करताना खाली खडी भरली जाते आणि रूळ थोडा वर येतो. पावसाळ्यात पाण्याखाली जाऊ नये म्हणून काही ठिकाणी तो मुद्दामही उचलतात. रुळाबरोबर गाडी वर जाते आणि फलाट न हलताच ठेंगणा होतो. रूळ उचलणाऱ्याने आपलं काम चोख केलेलं असतं. फलाट बांधणाऱ्यानेही केलेलं असतं. अडकतो तो प्रवासी.

मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच. रेल्वेत उतार स्थापत्य विभाग बांधतो, लिफ्ट विद्युत विभाग बघतो, इंडिकेटर आणि घोषणा दूरसंचारवाल्यांकडे, डबे आणखी तिसरीकडे, आणि व्हीलचेअर हवी असेल तर स्टेशन मास्तरांना गाठायचं. तपासणीच्या तक्त्यात प्रत्येकाच्या रकान्यात ‘आहे’ असं लिहिलेलं असतं. रिक्षातून उतरून डब्यात बसेपर्यंतचा अख्खा रस्ता मात्र कोणाच्याच रकान्यात नसतो. मधे एक पायरी आली की आधीचा उतार आणि नंतरची लिफ्ट, दोन्ही वाया.

उताराचं गणित तुम्हाला येतंच: एकास बारा. पुलाची उंची सहा मीटर धरली तर 72 मीटर उतार लागतो, विसाव्याच्या सपाट जागा वेगळ्या. दाटीच्या स्टेशनात एवढी जागा नसते, म्हणून लिफ्ट. मग ती बंद पडली तर काय, हे नकाशा काढतानाच विचारायला हवं. सरकता जिना हे त्याचं उत्तर नव्हे. व्हीलचेअरला तो कुचकामी आहे.

अंध प्रवाशांसाठीच्या उठावदार फरशा जपानच्या सेइइची मियाके यांची कल्पना. मार्च 1967 मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळ त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब रेघा म्हणजे पुढे चला, ठिपके म्हणजे थांबा. आपल्याकडेही त्या बसवतात आणि त्यांच्यावरच पार्सलचे गठ्ठे रचतात! त्याच मुंबईत काही फलाटांवर अपंगांचा डबा थांबतो तिथे बीप-बीप आवाज ठेवला आहे. स्वस्त, साधी आणि नेमकी सोय. बसवणाऱ्याने दृष्टिहीन माणूस डबा कसा शोधतो याचा विचार केला होता, हे कळतं.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी 2005 मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निकाल दिला. सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशींसारखे ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरला, आणि बंधनकारक किमान निकष तीन महिन्यांत ठरवा, असा आदेश सरकारला मिळाला. एकोणीस वर्षं! तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मले असतील-नसतील. तेव्हा ‘जमलं तर करू’ हे उत्तर आता कोणी देऊ नये, तुम्ही तर नाहीच.

तुमच्यापैकी काही जण रेल्वेत जातील, काही सल्लागार कंपन्यांत, काही ठेकेदारांकडे. पहिल्या वर्षी तुम्हाला मोठे निर्णय कोणी घेऊ देणार नाही, पण मोजमापं नक्की घ्यायला लावतील. तेव्हा एक करा. आपल्या जवळच्या स्टेशनवर व्हीलचेअर वापरणाऱ्या किंवा पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या एखाद्या प्रवाशाबरोबर, त्याला विचारून, रस्त्यापासून डब्यापर्यंत जा. तो जिथे जिथे अडेल तिथे टेप लावा आणि मिलिमीटरमध्ये लिहून काढा. तो कागद एका विभागाला देऊ नका, सगळ्यांना एकदम पाठवा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.