सेल्फ गेला, असं म्हणण्याआधी

जुन्या गाडीची किल्ली फिरवली आणि इंजिन हललं नाही, की आपण म्हणतो, ‘सेल्फ गेला!’ मग नव्या सेल्फला हजारो रुपये मोजतो. माझी मारुती आठशे अशी रुसली, की मी आधी हेडलाइट लावतो, किल्ली फिरवतो आणि कान देऊन ऐकतो.

भराभर ‘टकटकटक’ झालं, दिवे मंदावले, तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या क्षाराचा. टर्मिनल घासून आवळावेत, बॅटरी मोजून घ्यावी. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. दिवे लख्ख आणि एकच ‘खट्’, तर संशय सोलेनॉइडवर किंवा झिजलेल्या कार्बनवर. मोटर नुसतीच गरगरली, तर बेंडिक्स पकडत नाही.

सेल्फ उतरवायचाच झाला, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. सेल्फच्या जाड तारेत कायम करंट असतो. मग ऑटो इलेक्ट्रिशियनला तो आपल्यासमोर उघडायला सांगावं. पुष्कळदा कार्बन बदलून काम भागतं. आर्मेचर जळालं असेल, तर मात्र नवा घ्यावा.

जुन्या वस्तूला निकामी ठरवण्याआधी तिचं म्हणणं ऐकून घ्यावं, एवढंच.