उजव्या कुशीचें दुखणें

बागलाण तालुक्यांत मोसम नदीच्या काठीं वसलेलें नामपूर हें कांद्याच्या बाजारपेठेचें गांव. तेथील एखाद्या पन्नाशीच्या शेतकऱ्यास ऐन कांदाकाढणींत पोटाच्या उजव्या बाजूस खालीं कळ येऊं लागली, अंगांत ताप भरला, तर घरचीं माणसें काय म्हणतील? ‘अपेंडिक्स असेल.’ बहुधा तें खरेंही ठरतें. परंतु क्वचित् प्रसंगीं या ओळखीच्या दुखण्याआड आतड्याचा कर्करोग दडलेला असतो. आणि ती शक्यता कोणी मनांतच आणली नाहीं, तर वरची जखम भरून येते व रोग आंत वाढत राहतो.

हा चकवा कसा होतो? लहान आतडें मोठ्या आतड्यास मिळतें तेथें पिशवीसारखा एक भाग असतो. त्यास उंडुक म्हणतात. आंत्रपुच्छ, म्हणजेच अपेंडिक्स, त्यासच लोंबत असतें. उंडुकांत गांठ वाढून आंत्रपुच्छाचें तोंड बुजलें कीं आंतील स्राव कोंडतो, जंतू माजतात, सूज येते. वेदना तीच, तापही तोच. कारण मात्र निराळें. शिवाय येथील मळ पातळ असल्यामुळें गांठ बरीच वाढेपर्यंत शौचास अडथळा होत नाहीं. रक्त थोडथोडें झिरपून मळांत मिसळतें, तें डोळ्यांस दिसत नाहीं. दिसतो तो केवळ फिकटपणा व थकवा.

आंत्रपुच्छदाहाचें स्वरूप १८८६ सालीं बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनीं स्पष्ट केलें. १९०२ सालीं राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असतां इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच व्याधीनें पडला. फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनीं गळूं फोडून पू काढला व राजा बरा झाला. राजाचें वय तेव्हां ६० होतें. आज त्या वयाच्या रुग्णास असें गळूं झालें, तर तें बरें झाल्यावरही तपास पुढें चालवावा लागतो.

केवळ पोट चाचपून हा भेद कळत नाहीं. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या रुग्णाची विचारपूस बारकाईनें व्हावी. वजन घटलें काय? शौचाची संवय बदलली काय? हिमोग्लोबिन उतरलें काय? घराण्यांत कोणास आतड्याचा कर्करोग झाला होता काय? सी. टी. स्कॅनमध्यें उंडुकाची भिंत जाड किंवा जवळच्या ग्रंथी मोठ्या दिसल्यास संशय बळावतो. गळूं औषधांनीं शमलें असेल, तर साधारणतः ६ ते ८ आठवड्यांनीं कोलोनोस्कोपी करून मोठें आतडें आंतून पाहतात. संशयित जागेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला म्हणजे निदान पक्कें होतें. शस्त्रक्रिया झाली असेल, तर काढलेलें आंत्रपुच्छही तसेंच तपासणीस पाठवावें व त्याचा अहवाल घरच्यांनीं मागून घ्यावा.

श्रोत्यांनीं घाबरून जाण्याचें कारण नाहीं. अशा बहुसंख्य रुग्णांस कर्करोग नसतो. ज्यांस असतो, त्यांची गांठ वेळीं सांपडल्यास उजव्या बाजूचें आतडें लसिकाग्रंथींसह काढून रोग समूळ बरा होण्याची मोठी आशा असते. अडचण निराळीच आहे. नामपुराहून मालेगांव वा नाशिक गांठावयाचें म्हणजे दिवसाचें काम बुडतें, आणि कळ थांबल्यावर तो दिवस मोडणें जिवावर येतें. शहरांतही कचेरी व संसार यांच्या गडबडींत हेंच घडतें. म्हणून घरच्या कर्त्या माणसानें तपासणीची तारीख रुग्णालयांतून निघतांनाच ठरवून घ्यावी व ती चुकूं देऊं नये.